निरंक

वर्षातून एकदा मी येते तपासणीला,
आणि ऑर्व्हिल श्येर्वे बूट दोनदा धुतो.
एकदा तुमच्यासाठी, म्हणतो, एकदा गाईंसाठी.

विस्कॉन्सिनचा हा भाग हिमनद्यांनी टाळला,
म्हणून टेकड्या राहिल्या, आणि टेकड्यांवर गवत.
स्वयंपाकघरात टेबलावर बुटांचं खोकं:
बियाण्याच्या पावत्या, मिठाच्या ठोकळ्यांच्या पावत्या,
एकीवर मुरंब्याचा डाग.
चराईचे दिवस दीडशे हवेत. त्याचे एकशे एकाहत्तर.
हंगामात कुरणाचा वाटा शंभरात साठ हवा.
टक्के मांडते मारिट, त्याची सून.
त्याचं माप वेगळं:
गवत बुटाच्या नाडीपर्यंत आलं की गाई सोडायच्या,
घोट्याखाली गेलं की काढायच्या.

मी धान्याच्या कोठीत डोकं घालते, हुंगते.
मक्याचा दाणा नको, पेंडीचा वास नको.
आत नातवाची घसरगाडी, तीत व्यालेली मांजरी.
मी लिहिते: कोठी रिकामी.
खोडते.
धान्य नाही, असं लिहिते.

यादीत चाळीसनंतर बेचाळीस.
"डॅग्नी," तो म्हणतो. यादीत नावांना रकाना नाही.
मे महिन्याचं पान, मारिटच्या अक्षरात:
ताप एकशे सहा. श्वासाला घरघर.
लसणाचा अर्क दिला. रात्रभर पोतं पांघरून बसलो.
पहाटे डॉक्टर. पेनिसिलिन, तीन दिवस.

नियमांत दोन वाक्यं आहेत, मला पाठ.
शिक्का टिकावा म्हणून जनावराला औषधावाचून तडफडू देऊ नये.
आणि:
औषध दिलेलं जनावर सेंद्रिय कळपात परत घेऊ नये.
कधीच.
पहिलं लिहिणाऱ्यानं आजारी गाय पाहिली असणार.
दुसरंही बहुधा त्यानंच लिहिलं असेल,
त्याच दुपारी, चहा घेऊन.

कुंपण बघायला आम्ही उतरतो.
पलीकडे हार्लन बूमाचा मका, फवारलेला,
म्हणून अलीकडे पंचवीस फुटांचा पट्टा सोडलेला.
त्यातलं गवत या गाईंच्या तोंडी लागत नाही.
ऑर्व्हिल ते वेगळं कापतो, वेगळं बांधतो, वेगळं विकतो,
तेच क्लोव्हर, तीच लसूणघास, तोच पाऊस.

"बूमानं घेतली तिला. भावात घासाघीस केली नाही," तो म्हणतो,
आणि घड्याळ बघतो.

पाचला इकडच्या गाई धारेला निघतात, एकामागं एक.
पलीकडून तीही निघते, तारेलगत,
कानात नवा बिल्ला, कास भरलेली,
तार वळते तिथवर.
मग थांबते.
मान तारेखालून घालते
आणि पट्ट्यातलं गवत ओढते, मुळाशी नाही, वरचं वरचं,
शिकवल्यासारखं.

ऑर्व्हिलचा हात पुढं होतो. अर्ध्यावर राहतो.
"कपाळ खाजवलेलं चालतं का?"
मी खरंच आठवून बघते,
कलमं, पोटकलमं, मागची जोडपत्रं.
"त्याबद्दल काही म्हटलेलं नाही."
तो खाजवतो. शिंगाच्या खोडामागे, बराच वेळ.
मग रुमाल काढून हात पुसतो,
माझ्यासमोर, एकेक बोट, अंगठासुद्धा.

गाडीत बसून मी फॉर्म पुरा करते.
सीमापट्ट्यातील चाऱ्याचा वापर, असा रकाना आहे.
खाल्ला, हे खरं.
पण पट्टा कळपाचा नाही,
आणि ती तर नाहीच.
शेरा: निरंक.

काचेवर टकटक. मारिट, हातात दुधाची बाटली.
मला घेता येत नाही, तिला ठाऊक आहे.
दरवर्षी आणते, दरवर्षी मी मान हलवते,
आणि ती बाटली उन्हात धरून
साय दाखवते नुसती,
पिवळी,
बोटभर.